होडीची वाट

ती भूमापन कार्यालयात जुने नकाशे स्कॅन करायची. दिवसभर डोळे शिणवून घरी यावं, तर सासरे पेट्रोल पंपामागच्या माळावर जाऊन बसलेले असायचे.

"होडी येईल एवढ्यात," ते म्हणायचे.

"मामंजी, इथे पाण्याचा थेंब नाही, होडी कुठली? चला बरं." रोज अशी समजूत घालत त्यांना घरी आणताना ती मेटाकुटीला यायची. नवऱ्याने तर 'वयच झालंय त्यांचं' म्हणून कधीच हात झटकले होते.

एकदा तिच्या टेबलावर गावाचा, धरणाच्या आधीचा नकाशा आला. आज माळ आहे तिथून तेव्हा नदी वाहत होती आणि काठावर होडीची बारीकशी खूण होती.

त्या संध्याकाळी ती पहिल्यांदाच सासऱ्यांच्या शेजारी टेकली. "माझं चुकलं, मामंजी. इथे खरंच होडी यायची. आज दोघं मिळून वाट बघू."



 

"होडी बंद होऊन जमाना झाला, पोरी. पण इथे येऊन बसलं, की घरी पोचेपर्यंत तरी माझ्याशी कुणीतरी बोलतं."