कितवा नंबर

खुर्ची इतकी बुटकी होती की बापाचे गुडघे छातीशी आले. हॉटेलच्या लाँड्रीतून तासाभराची सुट्टी काढून तो तसाच शाळेत आला होता. समोर वर्गशिक्षिका, आणि दोघांच्या मध्ये त्याची नऊ वर्षांची मुलगी. बापाला या देशाची भाषा येत नव्हती. बाईंना त्याची येत नव्हती. मुलीला दोन्ही येत होत्या, म्हणून तिच्याबद्दलचं सगळं तिच्याच तोंडून चाललं होतं.

बाई बराच वेळ बोलल्या. हसत हसत बोलल्या.

"काय म्हणाल्या?"

"मी छान आहे म्हणाल्या."

"एवढं लांबलचक बोलून एवढंच? ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. नंबर विचार. कितवा आला?"

मुलीने विचारलं. बाईंनी नकारार्थी मान हलवली.

"इथे नंबर नसतो बाबा. सांगितलं होतं ना मी."

"बावीस पोरं आहेत वर्गात, तेवढी लावता येत नाहीत यांना? तिकडे एकट्या गुरुजींनी सत्तर पोरं ओळीने लावली होती. जमिनीवर बसून तू तिसरी आलीस."

"इथे सगळेच आपापल्या परीने छान असतात."

"म्हणजे सगळे घोडे बारा टक्के! सांग त्यांना."

"हे कसं सांगू?"

बाप वैतागून भिंतीकडे बघत राहिला. भिंतीवर मुलांची चित्रं होती. सगळी एकाच उंचीवर.

बाई पुन्हा बोलू लागल्या. ऐकता ऐकता मुलीने मान खाली घातली.

"आता काय?"

"आधी मी उत्तर द्यायला उभी राहायचे, आता बसून बोलते. आणि परवा बाईंचं फळ्यावरचं गणित चुकलं, ते मी त्यांना सांगितलं."

"बाईंची चूक काढलीस? सगळ्यांसमोर? आधी माफी माग."

"बाबा, त्या शाबासकी देताहेत."

बापाने कपाळावर हात मारला.

"हे बघ, माझं एवढंच विचार. नंबर नाही, मार्क नाहीत, छडी नाही. मग पोरगी मागे पडली तर मला कळणार कसं? हिची आई असती तर गोष्ट वेगळी होती. मी दिवसभर चादरी धुतो. मला एक आकडा द्या म्हणावं, मी निघतो."

मुलीने सगळं सांगितलं. आईचंही सांगितलं असावं, कारण बाई जरा थांबल्या. मग हळू आवाजात थोडंसंच बोलल्या.

"काय?"

"म्हणाल्या, मुलीलाच विचारा."

"तुला? तुला काय विचारू?"

मुलीने मान वर केली. बुटक्या खुर्चीमुळे तिचा चेहरा अगदी त्याच्या समोर आला होता. निकालाच्या दिवशी तो एकच प्रश्न विचारायचा. बाकीचं मायलेकींचं स्वयंपाकघरात चालायचं. त्याला बाहेरच्या खोलीत नुसती कुजबुज ऐकू यायची, मधूनच हसणं.

त्याने घड्याळाकडे पाहिलं. उठायला हवं होतं. तो उठला नाही.

"आई काय विचारायची गं?"

बाई मुलीकडे बघत होत्या, तो काय म्हणाला ते कळायची वाट बघत. या वेळी तिने ते सांगितलं नाही.