लांबची लेन्स

"जवळची घ्या, तेन्दोची आई." कयोंडोने बोटभर लांबीची एक लेन्स काउंटरवर ठेवली. "स्वस्तात मस्त. उजेड भरपूर घेते. पळतं पोर जागच्या जागी धरून ठेवते."

तेन्दोची आई. मुलीचं नाव विचारून घेऊन त्याने लगेच तशी हाक मारली होती, कंपालात कोणीही मारतं तशी. नामुबिरूला ही हाक ऐकून वर्ष उलटलं होतं. आपण काय विचारणार होतो तेच ती क्षणभर विसरली.

"लांबची दाखवा ना एखादी," ती म्हणाली.

"आहे की. भावही तोच." त्याने दुसरी काढली, मक्याच्या कणसाएवढी. "पण ही रातांधळी आहे बघा. सामना कधी?"

"शनिवारी, साडेपाचला. नेटबॉलची फायनल आहे."

"मैदान उघडं आहे?"

"पश्चिमेला टेकडी आहे."

"मग संपलंच! टेकडीमागे ऊन गेलं की हिला काही सुधरत नाही. पोरगी उडी मारणार आणि तुमच्या फोटोत नुसता फराटा. लांबचं पण दिसेल आणि अंधारातही दिसेल अशी येते हो, नाही असं नाही. पण तेवढ्या पैशात गावाकडे जमिनीचा तुकडा येईल." स्वतःच्याच विनोदावर हसत त्याने भाजलेल्या केळ्याचा घास घेतला.

इकडे आड, तिकडे विहीर. कॅमेरा भावाचा, जुना. पैसे एकाच लेन्सपुरते. आणि हा शनिवार शेवटचा, कारण सत्र संपलं की तेन्दोला तिचा बाप दूरच्या बोर्डिंगात घालणार होता. मूल बापाच्या कुळाचं, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. नवऱ्याने दुसरी केली, तेन्दोला ठेवून घेतलं आणि शाळेच्या पहारेकऱ्यालाही बजावून ठेवलं, ही बाई आत दिसता कामा नये. कुळातल्या वडीलधाऱ्यांनी माना डोलावल्या. नामुबिरूजवळ लेकीचा अलीकडचा एकही फोटो नव्हता. नऊ वर्षांच्या पोरीचा चेहरा बघता बघता बदलतो. पुढं कधीतरी रस्त्यात भेटली तर आपण ओळखू का, याचा तिने धसका घेतला होता.

"अहो, खोटं वाटतंय का? हे बघा." कयोंडोने भिंतीवरच्या मोठ्या फोटोकडे बोट केलं. "माझी मिरेम्बे. याच जवळच्या लेन्सने काढलाय."

धावणारी मुलगी, दोन्ही पाय जमिनीपासून सुटलेले. कपाळावरचे घामाचे थेंबसुद्धा मोजून घ्यावेत.

"छान आलाय," नामुबिरू म्हणाली. "हिच्या आईला आवडला असेल."

"हिची आई आता आमच्याकडे नसते. घरी आता दुसरी आहे, ती बघते सगळं." त्याने हात पुसले. "पण मागचं सगळं कसं पुसून टाकलंय बघा! हीच तर या लेन्सची खुबी. तुम्ही फक्त रेषेला चिकटून उभ्या राहा. आईला कोण हटकतंय?"

"मला हटकतात. मी बाहेर उभी राहते. शेराच्या कुंपणाबाहेर."

कयोंडोचं चघळणं थांबलं. स्वच्छच असलेली लेन्स तो पुन्हा पुसत बसला.

नामुबिरू फोटोकडे बघत राहिली. मुलीच्या मागे हिरवा धूसर पट्टा होता, तेही कुंपणच असणार. त्याच्यापलीकडे एक पिवळा डाग, आणि डागाच्या वरच्या बाजूला दोन टोकं. गोमेसीच्या, इथल्या बायकांच्या पायघोळ झग्याच्या, उभ्या खांद्यांची टोकं, कितीही पुसली तरी कळतात. रस्त्यावरच्या धुळीत उभं राहायला सणासुदीची गोमेसी कोणी नेसत नाही. ती स्वतः मात्र दर सामन्याला नेसायची. चुकून कधी फाटक उघडलं आणि कोणी आत बोलावलं, तर आपण आईसारखं दिसायला हवं.

"मिरेम्बेचे बाबा," ती म्हणाली, "ती मागची पिवळ्या गोमेसीतली कोण?"

"कुठं?" त्याला खरंच माहीत नव्हतं. तो काउंटरमागून बाहेर आला. "असेल कोणी वाटसरू." मग पुटपुटला, "पिवळी... तिचीच होती..." आणि फोटोजवळ सरकला.

नामुबिरूला त्याचा राग यायला हवा होता. पण राग धरून ती काय करणार होती? त्या पिवळीसाठी तरी काय करणार होती? स्वतःसाठीच काही करता आलं नव्हतं.

"लांबची द्या," ती म्हणाली.

"फराटा येईल, ताई."

"येऊ दे. मोठा तर येईल."

त्याने लेन्स गुंडाळून दिली, पैसे न मोजताच गल्ल्यात टाकले. जिन्यापाशी जाऊन तिने मागे वळून पाहिलं. दुकानात गिऱ्हाईक येऊन उभं होतं, त्याच्याकडे कयोंडोचं लक्ष नव्हतं. तो भिंतीला नाक लावून त्या पिवळ्या डागात चेहरा शोधत होता, आणि सापडेना तसा आणखी जवळ जात होता.