सासूबाईंचा चिनी वाडगा

फडक्यात बांधलेले वाडग्याचे दोन तुकडे घेऊन उस्ताद कोबिलच्या दुकानात तुराब शिरला, तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

उस्ताद फुटकी चिनी भांडी तांब्याचे टाके घालून सांधायचा. अख्ख्या बुखाऱ्यात तसा हात नव्हता.

“सासूबाईंनी लग्नात दिलेला,” तुराब म्हणाला. “मी तो उन्हाला धरला, तेव्हा सगळी गल्ली वाहवा म्हणाली होती. दर नवरोजला बाई येतात, कोनाड्यातून हा काढायला लावतात आणि सुनावतात, ‘जावईबापू, तुमच्या सात पिढ्यांत कोणी चिनी भांडं पाहिलं होतं का?’ परवा येतायत. टाके दिसले तर माझी धडगत नाही!”

“फुटला कसा?”

“आई हमामात गेली होती. एरवी ती कोणाला हात लावू देत नाही, सुनेलाही नाही. म्हटलं, आज आपण पुसावा. गेला की सटकून!”

उस्तादने तुटकी कड निरखली, तिला जीभ लावली आणि तो खो खो हसत सुटला.

“अरे, चिनी भांडं आतून दातासारखं पांढरं असतं. ही पिवळी माती! बघ, जीभ चिकटतेय. वरची झिलई तेवढी झकास.”

तुराबला आनंदाने काय करू नि काय नको असं झालं. इतकी वर्षं ऐकलेले टोमणे आता सव्याज परत करायचे होते.

“जाऊ दे रे,” घरी आई म्हणाली. “झाकली मूठ सव्वा लाखाची. चारचौघांत कशाला शोभा?”

“तू फार भिडस्त आहेस, आई. मध्ये पडू नकोस.”

नवरोजला अंगण पाहुण्यांनी भरलं. सासूबाई लोडाला टेकल्या. “आणा वाडगा.”

तुराबने दोन्ही तुकडे पुढ्यात ठेवले. “वाडगा फुटला नि बिंग बाहेर आलं! नाव चीनचं, माती गावची!”

पाहुणे हसून लोळायचे बाकी राहिले. सासूबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. कडेवरून बोट फिरवून त्यांनी शांतपणे विचारलं, “जावईबापू, लग्नात वाडगा उन्हाला धरलात, तेव्हा पलीकडून तुमची बोटं दिसली होती ना?”

“दिसली होती. सगळ्यांनीच पाहिली.”

“मातीतून बोटं दिसतात?”

तुराबने एक तुकडा उचलून उन्हाला धरला; बोटं दिसेनात.

“मग त्यानंतर या वाडग्याला हात कोण लावत होतं?” सासूबाई म्हणाल्या.

तुराबची आई लगबगीने उठली. “नमाज पढायचं राहिलंच बाई माझं,” म्हणाली.

ती आत्ताच नमाज पढून येऊन बसली होती.