लांब बसा

थंडीमुळं बिरोबाच्या देवळाचं दार ओढून घेतलेलं. माझ्या थापा ऐकायला वस्तीवरचे मेंढके सांजेला इथंच जमतात, घोंगड्याला घोंगडं लावून. आज मी तोंडाला रुमाल बांधून आलो. दहिवडीच्या डॉक्टरनं सकाळीच सांगितलं, खोकल्यातून रोग पसरतो. "मला टीबी झालाय," मी म्हणालो. "दार उघडा, लांब बसा. तुमीबी तपासून घ्या." हशा पिकला. "आवं कोंडीबा, गेल्या साली तुमाला लांडग्यानं गिळलं हुतं, यंदा टीबीनं व्हय?" रंगुबाई म्हणाली. मी रुमालावरच्या रक्ताकडं बोट केलं. "पान खाल्लंय गड्यानं," कुणीतरी ओरडलं. नवी थाप ऐकू यावी म्हणून सगळे जवळ सरकले. मी मटकन बसलो, तशी नात मांडीवर चढली. घशात खोकला दाटला. श्वास कोंडून तिला उतरवलं आणि बाहेर वाऱ्यात आलो. आतून नातीनं विचारलं, "आजा, फुडं काय झालं?"