तुलसीराम सरदाराची तक्रार

आयो, ऐका तरी! आज कोठीवरचा, म्हणजे साहेबाच्या मळ्यावरचा मुकादम, तुलसीराम सरदार आमच्या मजूर हक्क समितीत तक्रार घेऊन आला. ह्यानंच माझ्या बाबांना कोठीच्या खोलीतून सामानासकट बाहेर काढलेलं, आता साहेबानं त्यालाच तसं खोलीतून काढलंय! मी म्हटलं, मी नाय लिहिणार. पण मला काम शिकवणारी इंद्राणीमावशी म्हणाली, "तूच लिही. आणि कोठीनं आधी कुणाला असं काढलं, कुणाच्या हातून, तेपण विचार. त्यानं केस पक्की होते."

मी विचारलं. त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. मग पुटपुटला, "परशुरामला, तुझ्या बाबाला. मीच काढलं."

"मोठ्यानं, काका. बाबा बाहेर बाकावर बसलेत."

तीनदा बोलायला लावलं, तेव्हा कुठं लिहून घेतलं!