बाटलीभर पाणी

मुलांनो, डोळ्यांपुढे आणा: तुमच्याच शाळेत बालसंसद भरली आहे. समोर मंत्री, शेजारी मुख्याध्यापक आणि मध्ये उभी सातवीतली विरोधी पक्षनेती सुगंधा. बाईंनी लिहून दिलेल्या प्रश्नाचा कागद तिने घडी करून ठेवला आणि स्वतःचा प्रश्न विचारला.

“अध्यक्ष महाराज, मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप का?”

आरोग्यमंत्री ऐटीत उठला. “तपासणीला साहेब येणार, म्हणून ते चकाचक ठेवलंय. मुलींची एकही तक्रार नाही!”

“तक्रार कशी येणार? आम्ही घरी जाईपर्यंत पाणीच पीत नाही.”

“मग करा सभात्याग! विरोधक तेच करतात,” मंत्री म्हणाला. सगळी सभा हसली.

सुगंधा हलली नाही. तिने दप्तरातून पाण्याची बाटली काढली, सर्वांसमोर शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन रिकामी केली आणि मुख्याध्यापकांपुढे तळहात धरला.

“सर, चावी.”