तीस माणसांची तुळई

नवा जिल्हा झाल्याचा सोहळा औशात होता. ज्युनिअर इंजिनिअर सिद्धरामने मंचाच्या तुळईवरचा ताण कागदावर मांडला आणि घामाघूम होत पुढाऱ्याला गाठलं.

"आप्पासाहेब, तुळई तीस माणसं पेलते. वर साठ हायेत. निम्मे उतरवा, न्हाई तर मोडंल."

आप्पासाहेब खुर्चीतून हललेसुद्धा नाहीत. "जिल्हा नवा हाय, इंजिनिअर सायब. आज जो उतरला, तो कायमचा उतरला."

तुळई वाकून करकरली. तरी कुणी उठेना. सिद्धराम माईक ओढून ओरडला, "टँकर आला हो!"

त्या दुष्काळात तेवढं पुरे होतं. मिनिटात मंच रिकामा झाला, तुळई सरळ झाली. सगळ्यांच्या पुढे, पाहुण्यांसमोरचा पाण्याचा जग उचलून, आप्पासाहेब पळत होते.